कापशीची पेटी

९ सप्टेंबर, मंगळवार

पेटी आली. एवढं मोठं खोकं — मला वाटलं टीव्ही हाय.

बाई म्हनल्या, फोड. फोडलं तर पांढरी प्लास्टिकची पेटी, वर निळं झाकन, पुढं वाटोळं तोंड आन् त्या तोंडाला लोंबती झडप. कल्याणदादांनी पुण्यावरनं पाठवली. बाईंच्या मांजरीला संडास! जयामावशी पोळ्या लाटायचं सोडून बघायला आली. कमरेवर हात ठेवून म्हनली, "आमच्या वस्तीवर अजून मानसांना न्हाई."

कापशीनं पेटी बघितली आन् कपाटावर जाऊन बसली. अंधार पडला तरी खाली आली न्हाई.

ही डायरी बाईंनी दिली. बँकेची हाय, मागच्या वर्षाची, कोरीच राह्यलेली. छापलेली तारीख खोडून मी नवी घालते. बाई शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. म्हनल्या, "सातवी झालीय ना तुझी? मग रोज चार ओळी लिही, अक्षर वळणावर येईल. मी वाचणार नाही. कुणीच वाचणार नाही."

कुनी वाचनार न्हाई म्हनल्यावर बरं वाटलं.

१० सप्टेंबर, बुधवार

पेटी का आली ते लिहिते.

आधी कापशीला घमेलं हुतं. बांधकामाचं असतं तसं, त्यात वाळू. ती आत उकरायची आन् सगळी वाळू बोळीत फरशीवर. मी दिवसातनं चारदा झाडायचे तरी ऱ्हायचीच. गनपतीत बाई वॉकर धरून बोळीतनं चालल्या हुत्या, वॉकरचा पाय खड्यांवर सरकला. मी मागनं कंबर धरली म्हनून. न्हाईतर खुब्याचं ऑपरेशन पुन्हा झालं असतं. कल्याणदादा तवा सुट्टीला आल्ते, त्यांनी समोर बघितलं. पांढरेफटक पडले.

म्हनले, "आई, मी झाकणाची पेटी पाठवतो. दसऱ्याला येईन. तोवर मांजर त्यात जायला शिकली आणि फरशीवर एक खडा दिसला नाही तर ठीक. नाहीतर मांजर कुणाला तरी देऊन टाकू आणि तू माझ्याबरोबर पुण्याला."

बाई म्हनल्या, "कापशी नसेल तर मी तरी इथं कशाला राहू."

म्हंजी कापशी शिकली न्हाई तर बाई पुण्याला. बाई पुण्याला गेल्या की घराला कुलूप. कुलूप लागलं की मागची खोली गेली, म्हंजी माझी आन् माझ्या लेकीची, दिशाची. दिशाची अंगनवाडी गेली. मंग आमी कुठं जायचं ते मला म्हाईत हाय. ते आज लिहीत न्हाई.

बावीस दिवस हायेत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी वाईट वागले.

तीन दिवस झाले, कापशी पेटीकडं बघत सुदीक न्हाई. बोळीत पेटी ठेवली तर भिंतीला अंग घासत पलीकडनं जाती. मंग मी तिला धरलं, पेटीत घातलं आन् झडप हातानं दाबून धरली. वाटलं आत गेली की कळंल तिला. आत नखं वाजायली प्लास्टिकवर. वरडली. मंग एकदम गप झाली.

ती गप झाली तसा मी हात काढला. ती बाहेर आली ती माझ्या मनगटावर तीन ओरखडे काढूनच गेली. बरं केलं तिनं.

बाईंनी हळद लावली. "काय झालं गं?" म्हनल्या. मी म्हनलं, खेळताना लागलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

कापशीनं दिशाच्या गोधडीवर मुतलं. धुऊन टाकली. बाईंना सांगितलं न्हाई.

१४ सप्टेंबर, रविवार

लिहूनच टाकते. नायतर डोक्यात फिरत ऱ्हातं.

आमच्या गावाकडं, पाथर्डीच्या पुढं, नवऱ्याच्या घरी ग्रामपंचायतीच्या योजनेतलं संडास बांधलं हुतं. पत्र्याचं दार. आतनं कडी, बाहेरनं बी कडी. वीतभर जागा. गोरक्ष पिऊन आला की कदी मारायचा, कदी न्हाई. पन एकदा मी आत गेल्ते आन् त्यानं बाहेरनं कडी घातली. दुपारची. दिवस बुडताना काढली. दिशा बाहेर दार बडवत रडत हुती, मंग तिचा आवाज बसला, मंग ती गप झाली. मला वाटलं ती मेली. ती दारापाशी झोपली हुती.

नंतर त्येला सवयच लागली. चार-पाच येळा.

मागच्या सीझनला आमी संगमनेरच्या बाजूला ऊस तोडायला आल्तो. पट्टा पडायच्या, म्हंजी तोड संपायच्या, आदल्या दिवशी मी दिशाला कडंवर घेतलं आन् पाचटाच्या कोपीवरनं निघाले ती बस स्टँडवर येऊन बसले. जयामावशी तितं भाजी घ्यायला आल्ती. तिनं इचारलं, "कुठं जायचं बाई तुला?" मी म्हनलं म्हाईत न्हाई. मावशी म्हनली, "मंग चल, चहा तर पी." त्या चहानंतर बाईंचं घर. तवापासनं हितंच.

हितल्या न्हानीच्या दाराला बी बाहेरनं कडी हाय. मांजर आत जाऊन पानी सांडती म्हनून लावलेली. मी आंघोळीला गेले की दार उघडंच ठेवते, दारात पाट टाकून दिशाला बसवते. बाईंनी एकदा इचारलं. मी म्हनलं, दिशा एकटी भिती.

दिशा न्हाई भित.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कापशीनं काल आन् आज काहीच केलं न्हाई, फ्रिजच्या मागं जाऊन नुसती बसती. बाई घाबरल्या. गुरांच्या दवाखान्यात फोन केला. सहादेव डॉक्टर आले मोटारसायकलवर. बाईंचे जुने विद्यार्थी हायेत. दारातनंच म्हनले, "बाई, चौथीत तुम्ही मला पाढे येत नाहीत म्हणून बाकावर उभं केलं होतं. तरी आलो बघा."

बाई म्हनल्या, "सतराचा म्हण, मग आत ये."

त्यांनी कापशीचं पोट दाबून बघितलं. म्हनले लघवी तुंबलेली न्हाई, ती भीतीनं धरून ठेवतीय. मंग पेटीत तोंड घातलं आन् पटकन मागं आले.

"कोण धुतं हे?"

"मी," म्हनलं.

"किती वेळा?"

"दिवसातनं दोनदा. वाळू बी नवी घालते सगळी."

"फिनेल टाकून?"

"व्हय. दोन झाकनं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, तिला वाटत असेल आपल्याला सरकारी दवाखान्यात भरती केलं. मांजराला स्वतःचा वास लागतो, तेव्हा तिला कळतं की ही जागा आपली. आणि फिनेल लागलेले पाय तिनं चाटले तर मरेल ती."

स्वच्छ ठेवलं तर बाई खूश होतील, कल्याणदादा खूश होतील, म्हनून मी घासत हुते. आन् जिच्यावर आमचं सगळं हाय तिलाच मारत हुते.

बाई म्हनल्या, "तिनं चांगल्यासाठीच केलं, सहादेव. आता कळलं ना, झालं." 

एवढंच. मला एक शबुद बोलल्या न्हाईत. आमच्यात एवढ्यावर महिनाभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते लिहून ठेवते — फिनेल बंद. नुसतं पानी. झाकन काढून ठेवायचं. जुन्या घमेल्यातली वाळू थोडी घालायची. घाई न्हाई.

घाई न्हाई कशी. सोळा दिवस हायेत.

१७ सप्टेंबर, बुधवार

घमेलं मी परसात पालथं घातलं हुतं. त्याच्याखाली जुनी वाळू सापडली, वाटीभर. देव पावला. पेटीसंगं पाकिटातनं आलेली गुलाबाच्या वासाची वाळू निम्मी काढून टाकली. पलीकडं बांधकाम चाललंय, तितनं पाटीभर वाळू मागून आनली, पिठाच्या चाळनीनं चाळली. जयामावशी वरडली, "त्या चाळनीनं उद्या मी पीठ चाळू का?" दुसरी चाळनी आनावी लागनार.

झाकन काढलं. नुसता खालचा टप बोळीत ठेवला. कापशी लांबनं बघत हुती. शेपटी हलत हुती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेली!!

सकाळी साडेसहाला. मी झाडत हुते, हातातला झाडू तसाच धरून उभी राह्यले, हालले न्हाई. उकरलं, बसली, झाकलं, गेली. मला रडूच आलं. मांजरीनं हागलं म्हनून रडनारी मी एकटीच असंल.

बाईंनी कॅलेंडरवर बरोबरची खूण केली, लाल पेनानं. शाळेतल्यासारखी.

२० सप्टेंबर, शनिवार

आईचा फोन.

"धने, गोरक्ष आल्ता. लई रडला गं. सोडली म्हनतो दारू. मुकादमाला कोयता सांगितलाय त्येनं."

कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी. एकट्या मानसाला मुकादम टोळीत घेत न्हाई. त्येला मी न्हाई पायजे, जोडी पायजे.

मी म्हनलं, मी हितं बरी हाय.

"दुसऱ्याच्या घरात किती दिवस ऱ्हाशील? म्हातारीनं उद्या काढलं तर? दसऱ्यानंतर त्यो येतो घ्यायला. संगमनेरातच हायेस ना."

"त्येला कोनी सांगितलं संगमनेर?"

आई म्हनली, "मीच सांगितलं. आई हाय मी तुजी."

घर म्हाईत न्हाई त्येला. नुसतं गाव म्हाईत हाय. आज दिशाला अंगनवाडीतनं आनायला मी दुसऱ्या रस्त्यानं गेले.

२१ सप्टेंबर, रविवार

बाईंना सांगितलं. सगळं न्हाई. नवरा येनार हाय, एवढंच.

बाई वर्तमानपत्र वाचत हुत्या. चष्मा काढला. "तुला जायचंय का?"

मी न्हाई म्हनून मान हलवली.

"मग येऊ दे. फाटकाशी मी बोलेन. वॉकर आहेच माझ्या हातात."

मला हसू आलं. बाईंना बी. पंचाहत्तर वर्षांच्या हायेत, पायात सळई हाय. आन् म्हनतात मी बोलेन. माझा बाप असं कदी म्हनला न्हाई.

पन कल्याणदादांनी नेलं तर फाटकाशी कोन असंल?

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले

आज झाकन लावलं. झडपेचे स्क्रू सोडले, झडप काढली. पेपरात गुंडाळून शिवनाच्या डब्यात ठेवली, स्क्रूसकट. कल्याणदादा रागावतील का म्हाईत न्हाई. पैसे घालून आनलेली वस्तू.

तरी कापशी आत जाईना. तोंडापर्यंत जाती, वाकून बघती, मान मागं वळवती, परत येती. पाच-सहा येळा.

मी तितंच फरशीवर आडवी झाले. डोकं पेटीच्या तोंडापाशी नेऊन बघितलं, तिला काय दिसतंय. आतनं बघितलं तर समोर भिंत. पेटी मी भिंतीकडं तोंड करून ठेवली हुती, येनाऱ्या-जानाऱ्याला घान दिसू नये म्हनून. आत बसलं की मागनं कोन आलं ते कळनार न्हाई. वाट एकच, आन् ती बी दिसत न्हाई.

मला लगेच कळलं. मला नको कळायला तर कुनाला.

पेटी फिरवली. तोंड बोळीकडं केलं. आता आत बसून तिला सैपाकघराचं दार दिसतं, बाईंची खोली दिसती, मागचं दार बी दिसतं.

जयामावशी म्हनली, "आता काय, राजगादीच दिली की तिला. बिबट्या परवडला बाई, त्यो गुपचूप उसात तरी जातो."

२३ सप्टेंबर, मंगळवार

गेली. झाकनासकट. लाल खूण.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस रोज जाती. दोनदा. आत बसून बाहेर बघती, डोळे अर्धे मिटून, बाई दुपारी खुर्चीत बसतात तशी.

दिशानं आज अंगनवाडीत सांगितलं म्हनं, आमच्या मांजरीला घर हाय. सेविकाबाईंनी मला इचारलं, तुमचं स्वतःचं घर हाय का? मी म्हनलं, मांजरीचं हाय. त्या लई हसल्या. मी कदीपासनं कुनाला हसवलं नव्हतं.

फकस्त एक ऱ्हायलंय. बाहेर येताना तिच्या पायाला वाळू चिकटून येती. दहा-बारा खडे पडतातच. त्येचं काईतरी करायला पायजे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पेटीपुढं पोतं टाकलं. सोयाबीनचं रिकामं तरट हुतं परसात, धुऊन वाळवून दोन घड्या घालून टाकलं. पाय पुसायला आपन टाकतोच की दारात. आता खडे त्यावरच पडतील. मीच मला शहानी म्हनले.

२७ सप्टेंबर, शनिवार

काय झालं कळत न्हाई. कापशीनं पोतं बघितलं आन् अंग फुगवून उलट्या पायी गेली. काल सांजपासनं पेटीकडं फिरकली न्हाई. सकाळी दरवाज्यामागं घान केली. जेवत बी न्हाई.

पाऊस थांबत न्हाई. बाईंचा खुबा ठनकतोय. फरशी ओली.

२८ सप्टेंबर, रविवार

न्हाई.

झाकन काढून बघितलं, तरी न्हाई. काल-परवा काय वेगळं केलं म्हनून डोकं फोडून घेतलं. फिनेल न्हाई. वाळू तीच. तोंड बोळीकडंच.

आईचा फोन दोनदा वाजला. उचलला न्हाई.

२९ सप्टेंबर, सोमवार

जयामावशीनं सांगितलं. सकाळी आली, पेटीपुढं बघितलं आन् पिशवी तशीच हातात धरून उभी राह्यली.

"हे तरट कोनी टाकलं गं?"

"मी. का?"

"अगं बये. तिला पोत्यातनंच सोडलेली हाय. बाईंना ती नदीच्या पुलापाशी सापडली. पोत्यात घालून, वर सुतळीनं तोंड बांधून कुनीतरी फेकली हुती. पोतं हलत हुतं म्हनून रिक्षा थांबवली बाईंनी. मीच सोडली की सुतळी. पंधरा दिवस कपाटाखालनं निघाली न्हाई."

मला हे कुनी सांगितलं नव्हतं. मी बी इचारलं नव्हतं. हितं सगळेच मांजर पोत्यात घालून लांब सोडून येतात, आमच्या सासऱ्यानं दोन सोडलेली. त्यात मांजराला काय वाटत असंल असं मनात आलं न्हाई कदी.

पोतं उचललं. घरात नको म्हनून पार नाल्याच्या पलीकडं टाकून आले, पावसात.

मंग माझी जुनी हिरवी सुती साडी काढली. पळून आले तवा अंगावर हुती ती. फाडली, चार पदर एकावर एक घातले, जाड दोऱ्यानं गोधडीसारखे टाके घातले. दुपार गेली. हात दुखला पन साडी फाडताना बरं वाटलं. ती पेटीपुढं घातली.

बाई बघत हुत्या. म्हनल्या, "चांगली साडी होती की."

"न्हाई बाई, चांगली नव्हती," म्हनलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

कापशी साडीवर येऊन बसली. वास घेतला. तितंच झोपली. आत न्हाई गेली.

१ ऑक्टोबर, बुधवार

न्हाई. कॅलेंडरवर पाच दिवस कोरे. उद्या दसरा.

मी आमची पिशवी भरून ठेवली. दिशाचे दोन फ्रॉक, लसीचं कार्ड, ही डायरी वर. बाईंच्या मनात काई न्हाई, पन आपून तयार असलेलं बरं. बाईंनी मला सहा महिने स्वतःच्या कपात चहा दिला, येगळा कप ठेवला न्हाई. जे झालं ते झालं, हे इसरनार न्हाई.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सगळं नीट लिहिते.

कल्याणदादा दहाला आले. बाईंच्या पाया पडले आन् पहिलं काय केलं तर मोबाईलची बॅटरी लावून बोळीत वाकून फरशी बघितली. या टोकापासनं त्या टोकापर्यंत. एक खडा नव्हता.

"आणि महाराणी कुठाय?"

"पलंगाखाली. तुला बघून गेली," बाई म्हनल्या.

"जाते का पेटीत?"

"जाते," बाई म्हनल्या. कॅलेंडर त्यांच्या पाठीमागं हुतं, मुद्दाम तिथं खुर्ची ओढली असंल.

मला खोटं सोसंना. मी म्हनलं, "जात हुती दादा. सात-आठ दिवस गेली. आता पाच दिवस न्हाई गेली. चूक माझी हाय." आन् पोत्याचं सगळं सांगितलं.

ते पेटीपाशी उकिडवे बसले. "झडप कुठाय हिची?"

मी शिवनाचा डबा आनला. पेपर सोडून दाखवली, स्क्रू बी दाखवले, चारच्या चार. ते म्हनले, "काढली कशाला? वास बाहेर येऊ नये म्हणून असते ती."

मंग मी बोलले. एवढं मी पुरुष मानसापुढं जल्मात बोलले न्हाई.

म्हनलं, "दादा, वासाचं मी बघते. दिवसातनं चारदा काढते. पन आत गेल्यावर तिला बाहेरचं दिसाया पायजे. वाट एकच हाय, त्येला बी पडदा. कुनी बाहेरनं दाबून धरलं तर ती काय करनार? वरडंल, मंग गप होईल. गप झाली म्हंजी शिकली असं न्हाई. बाहेरनं कुनी बंद करनार न्हाई हे तिला पटलं, की ती आपल्या पायानं जाती. तवर न्हाई."

कल्याणदादा झडप हातात उलटी-सुलटी करत राह्यले. बाई माझ्याकडं बघत हुत्या, पेपर तपासताना बघत असतील तशा, सावकाश. मला वाटलं जास्तीचं बोलले. सैपाकघरात पळाले.

श्रीखंड-पुरी केली. जयामावशी सनाला घरी, मी एकटीनंच तळल्या. जेवनं झाली. कल्याणदादा सोफ्यावर लवंडले. बाई खुर्चीत. दिशा त्यांच्या पायाशी आपट्याची पानं मोजत. मी दारात बसून भांडी पुसत हुते. साडेतीन वाजले असतील.

बोळीतनं आवाज आला. खर्र. खर्र.

बाईंनी बोट वर केलं. कल्याणदादा उठून बसले तसेच थांबले. माझ्या हातात ताट, ते खाली ठेवायची हिंमत होईना. खर्र, खर्र, खर्र. मंग शांत. लई येळ शांत. मंग परत खर्र — झाकायचा आवाज. तो आवाज मी झोपेत बी वळखीन.

कापशी बाहेर आली. हिरव्या साडीवर चारी पाय ठेवून उभी राह्यली, एक पाय झटकला, दुसरा झटकला, आन् तितंच बसून अंग चाटायली. आमच्याकडं बघितलं बी न्हाई.

दिशा वरडली, "कापशीनं शी केली!"

कल्याणदादा इतके हसले की सोफ्यावर मागं पडले. मंग उठून बोळीत गेले, वाकून बघितलं, लाल पेन घेतलं आन् आजच्या तारखेवर स्वतः खूण केली. बाईंना म्हनले, "राहा बाई तू इथंच. मला कुठं जमणार आहे एवढं."

बाई म्हनल्या, "मी राहणारच होते. पण तू म्हणालास ते बरं झालं."

सांजच्याला त्यांनी दिशाच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, मंग माझ्या. "सोनं घ्या, ताई." मला ताई म्हनले.

मी परसात जाऊन आईला फोन लावला. म्हनलं, "आई, मी येत न्हाई. दिशाची अंगनवाडी हाय. माझं काम हाय. गोरक्षला सांग, जोडी दुसरी बघ. हितं आला तर फाटकाच्या आत यायचा न्हाई."

आई म्हनली, "जेवलीस का?"

"जेवले. श्रीखंड केल्तं."

"गोड खाल्लंस ना. बरं," म्हनली आन् ठेवला.

पिशवी उपसली. फ्रॉक खुंटीला लावले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कल्याणदादा आमी उठायच्या आत पुण्याला गेले.

आंघोळीला गेले, दिशाला बसवायला दारात पाट टाकला. न्हानीच्या दाराची बाहेरची कडी न्हाई. नुसती चार भोकं. कडी खिडकीत हुती, चारी स्क्रूसकट, पेपरात गुंडाळून — मी झडप ठेवली हुती तशीच.

मी कुनाला सांगितलं नव्हतं.

पाट उचलला. दिशाला म्हनलं, जा, कापशीसंगं खेळ. दार लावलं. आतनं कडी घातली.